गप्प पेशंटकडे आधी

आमची शिडी त्या घेऊन गेल्या आणि ती परत आली नाही.

रॉटरडॅमच्या दक्षिण भागातल्या त्या इमारतीत आम्ही नुकते राहायला आलो होतो. खोकी उघडायची होती, पडदे लागायचे होते, आणि दारावर थाप पडली. बेल होती, चालूही होती. पण या बाई बेल कधीच वाजवत नसत. "बेल वाजली की माणूस आधी दचकतो, मग दार उघडतो. दचकलेल्या माणसाशी काय बोलणार?" असं त्यांचं म्हणणं. दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी. अंगात केशरी रेनकोट, पायात नर्स घालतात तसले पांढरे बूट. मी इंग्रजीत काहीतरी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि मराठीत विचारलं, "हिंगाची फोडणी. पुण्याची काय गं तू?"

"हो, पण तुम्हाला..."

"मी मिरजेची. शिडी आहे का?"

एवढीच आमची ओळख. शिडी काखोटीला मारून त्या गॅलरीतून निघूनही गेल्या. तिथल्या इमारतींना प्रत्येक मजल्यावर एक लांबच लांब उघडी गॅलरी असते आणि सगळ्यांची दारं त्या गॅलरीत उघडतात. पुण्यात अशी रचना असती तर दुपारपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं कळलं असतं. इथे मात्र लोक चाव्या हातात तयार ठेवून चालायचे आणि आपापल्या दारात गडप व्हायचे.

बरेच दिवस झाले तरी शिडी येईना, म्हणून मी मागायला गेले. "अगं, ती मी तिसऱ्या मजल्यावर दोमिंगाकडे परत केली," बाई म्हणाल्या.

"पण ती आमची होती."

"हो का? मग जा, घेऊन ये."

दोमिंगा ही केप व्हर्देची, आफ्रिकेजवळच्या बेटांवरची. ऑफिसं साफ करायचं काम करायची, तीन मुलं. मी गेले तेव्हा ती स्वतःच वैतागलेली होती, कारण तिचं मोठं पातेलं बाईंनी नेलं होतं आणि ते तळमजल्यावरच्या हेंककडे 'परत' केलं होतं. शिडी तिथेच ठेवून आम्ही दोघी हेंककडे गेलो. हेंक म्हणजे बंदरातला निवृत्त क्रेन ड्रायव्हर, दारातून बाहेर फक्त मान काढणारा. पातेलं त्याच्या ओट्यावर होतं. त्याची ड्रिल मशीन मात्र गायब होती. ती आमच्याकडे होती! बाईंनीच चार दिवसांपूर्वी "ही घे तुमची" म्हणून आणून दिली होती, आणि नवऱ्याची असेल असं समजून मी ती कपाटात टाकली होती. शेवटी आम्ही तिघं माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून हसत होतो आणि मी चहा टाकला होता. हेंकने आलं घातलेला चहा आयुष्यात पहिल्यांदा प्यायला आणि "हे औषध आहे का?" असं विचारलं.

मला वाटलं, वय झालंय, बाईंच्या लक्षात राहत नसेल. हेंकनेच माझा गैरसमज दूर केला. "लक्षात राहत नाही? तिला अजून माझ्या ऑपरेशनची बाजू आठवते. ती मुद्दाम करते. माझी ड्रिल मी या इमारतीतल्या अर्ध्या घरांतून परत आणली आहे."

सगळी इमारत त्यांना 'झुस्टर' म्हणायची. डच भाषेत झुस्टर म्हणजे बहीण आणि नर्सही. मी आपली आपल्याकडच्या पद्धतीनं सिस्टर म्हणू लागले. म्हटलं तर एकच शब्द. त्या तरुणपणी मिरजेच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, इथे नर्सेस हव्यात म्हणून आल्या, जहाजं ओढणारी टगबोट चालवणाऱ्या एका डच माणसाशी लग्न केलं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. त्यांचं मराठी विमानातून उतरल्या त्या दिवशी जसं होतं तसंच राहिलेलं, फक्त वाक्याच्या शेवटी डच लोकांसारखा एक 'होर' चिकटलेला. "बस की, होर." "जेवून जा, होर." आपल्याकडच्या 'बरं का'सारखा तो शब्द आहे. मिरजेच्या ठसक्यात तो इतका चपखल बसे की पुष्कळ दिवस मला तो कानडीच वाटत होता.

स्वयंपाक मात्र त्यांना येत नसे, आणि हे त्या सोडून सगळ्यांना माहीत होतं. डच लोक हिवाळ्यात सुक्या वाटाण्याचं घट्ट सूप करतात. सिस्टर त्यात कांदा-लसूण मसाला घालत. ते सूप हिरवं नसे आणि लालही नसे. कुणाचा काही वाद, कटकट, रडारड असली की त्या एक वाडगा पुढे ठेवत आणि म्हणत, "आधी हे खा. मग बोल." ते संपवेपर्यंत निम्मा राग सुपावर निघे.

एकदा मी त्यांना विचारलं, "आम्ही आलो तेव्हा लगेच आमच्याकडे का आलात? मराठी म्हणून?"

"मराठी असल्याचं मला दारात कळलं. वॉर्डात शिरलं ना पोरी, की ओरडणाऱ्या पेशंटकडे आधी जायचं नाही. ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जायचं. तुम्ही दोघं फार गप्प होता. खोकी वर नेतानाही नुसते 'सॉरी' आणि 'थँक यू' म्हणत यायचात-जायचात."

ते खरंच होतं. नवरा आणि मी, दोघंही आयटीत. परदेशात राहण्याचं आमचं एक शास्त्रच होतं: कर वेळेवर भरायचा, सायकल रांगेत लावायची, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. त्यात नवऱ्याचा इथे राहण्याचा परमिट नोकरीला बांधलेला. "आपण पाहुणे आहोत," हे वाक्य आमच्या घरात एखाद्या पाटीसारखं होतं. आमची मुलगी तिथेच जन्मली, पण तीसुद्धा पाहुणीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

सिस्टर उलट. त्यांनी आयुष्यभर कुणाला ना कुणाला एकत्र आणून काहीतरी मागितलं होतं. दवाखान्यात असताना सफाईचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेलं आणि सफाईवाल्या बायकांना कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये बसायला मनाई झाली. सिस्टरनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. त्या आपला डबा घेऊन जिन्यात त्या बायकांशेजारी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन नर्सेस बसल्या. मग फिजिओथेरपीवाले. मग एक डॉक्टर. जिना इतका भरला की मोठ्या डॉक्टरांना वर जायला वाट राहीना, आणि कॅन्टीनचं दार उघडलं. "भांडण नाही झालं?" मी विचारलं. "भांडायला वेळ कुठे होता? आम्ही जेवत होतो."

त्यांच्या अशा गोष्टी मला आवडायच्या, पण दुरून. माझ्यावर तशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि इमारतीचं हीटिंग गेलं.

सगळ्या घरांना तळघरातल्या एकाच बॉयलरमधून गरम पाणी जायचं आणि ते भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरून खोल्या तापवायचं. एका सकाळी रेडिएटरला हात लावला तर भांड्यासारखा गार. फोन केला तेव्हा इमारतीची मालक असलेल्या कंपनीतून गोड आवाज आला: पार्ट मागवला आहे. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. दोमिंगाच्या मुलांनी अंथरुणात बसून गृहपाठ करायला सुरुवात केली. हेंक घरात कोट-टोपी घालून बसायचा. आम्ही विजेचा हीटर आणला, पण तो पायाजवळ ठेवला की पाठ गारठायची. खिडक्यांवर आतून पाणी धरू लागलं आणि कोपऱ्यात काळी बुरशी आली.

आमची मुलगी तेव्हा रांगतही नव्हती. तिला खोकला लागला. आधी साधा, मग असा की श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी छाती तपासली, सध्या घरीच ठेवा म्हणाले, श्वास वाढला तर लगेच या, आणि सांगितलं, "तिला उबदार खोलीत ठेवा." मी मान डोलावली. थँक यू म्हटलं. बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले. उबदार खोली आणू कुठून?

त्याच सुमारास कंपनीची माणसं दारोदार येऊन गेली. बॉयलरचं मोठं काम निघालंय, वसंत ऋतूपर्यंत काही सांगता येत नाही, पण ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी शहराबाहेर दुसरी घरं बघून देऊ. आपखुशीने हं, सक्ती नाही. आमच्या मजल्यावरचं एक जोडपं लगेच गेलं. वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब गेलं. नवरा म्हणाला, "आपणही जाऊ. बाळाचं बघायला हवं."

मी 'हो' म्हणणार होते. त्या दुपारी सिस्टर आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, झबलं वर केलं, पाठीला कान लावून डोळे मिटून ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "रिकाम्या घराला थंडी वाजत नाही, होर."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना रिकामी घरं हवीत. रंग लावतील, नवी स्वयंपाकघरं बसवतील, आणि मग ज्यांना परवडेल ते येतील. दोमिंगाला नाही परवडणार. हेंकला नाही. तुम्हाला परवडेल कदाचित."

"पण सिस्टर, बाळ..."

"बाळाला उद्यापासून दिवसा माझ्या मैत्रिणीकडे ठेव, पलीकडच्या गल्लीत, तिच्याकडे ऊब आहे. माझं तिच्याशी बोलणं झालंय. आणि मला तुझी मदत हवीय."

हे त्यांचं नेहमीचं होतं. त्या कुणाला मदत 'करत' नसत. करायच्या, पण त्याच श्वासात काहीतरी मागायच्या. "नुसती मदत घेणारा माणूस खाली बघून चालतो. त्याच्याकडे काहीतरी माग, की तो वर बघतो." हेंककडे त्यांनी मागितलं होतं की तळघरातल्या बॉयलरचा आवाज ऐकून काय बिघडलंय याचा अंदाज कर. दोमिंगाकडे मागितलं की आफ्रिकन चर्चला जाणाऱ्या इमारतीतल्या बायकांना निरोप दे. माझ्याकडे काय मागणार? "तू बोल. कंपनीत जाऊन सगळ्यांच्या वतीने बोलायचं. तुझं डच बरं आहे."

"माझं डच? सिस्टर, मी दुकानात पावसुद्धा बोट दाखवून घेते!"

"म्हणूनच. सफाईदार बोलणाऱ्याचं लोक ऐकत नाहीत, तपासतात. तू अडखळशील तेव्हा त्यांना थांबून ऐकावं लागेल."

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. "आपला परमिट आहे. उद्या ऑफिसात कळलं, कुठे नाव गेलं, म्हणजे?" मला वाटलं सिस्टर त्याला हसतील. त्या नाही हसल्या. "भीती खरी आहे," त्या म्हणाल्या. "तिला घेऊन बसू नको, तिला घेऊन जा." आमच्या भागातल्या वाचनालयात फुकट कायद्याचा सल्ला मिळतो; तिथे त्यांनी त्याला पाठवलं, एकट्याला. तो गेला. परत आला तो जरा ताठ होऊन. "ती वकीलबाई म्हणाली, भाडेकरूने घर गरम मागितलं म्हणून कुणाचा परमिट जात नसतो." मग बूट काढता काढता म्हणाला, "तिनं मला विचारलं, इतके दिवस गप्प का बसलात?"

त्यानंतर माझी तालीम सुरू झाली. सिस्टरच्या गारठलेल्या स्वयंपाकघरात, पुढ्यात तो सुपाचा वाडगा. त्या कंपनीच्या साहेब व्हायच्या; मफलर टायसारखा बांधायच्या आणि खुर्चीत रेलायच्या.

"गुड मॉर्निंग. काय काम आहे?"

"सॉरी, तुम्हाला त्रास देतेय, पण..."

"पुन्हा. सॉरीशिवाय."

"तुम्हाला वेळ असेल तर..."

"त्यांना वेळ आहे. त्यांच्याकडे हीटिंग आहे. पुन्हा."

"आमच्या घरात..."

"हां. आमच्या घरात काय?"

"आमच्या घरात थंडी आहे."

सिस्टरनी मफलर सोडला. "बघ. चार शब्द. एवढंच तर म्हणायचं होतं." मला मात्र का कोण जाणे, रडू फुटलं. इतक्या दिवसांत हे वाक्य मी मोठ्याने कुणालाच म्हटलं नव्हतं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते, सगळं छान आहे, थोडा गारवा आहे.

बेत साधा होता. कंपनीचं ऑफिस नदीपलीकडे, काचेच्या इमारतीत. खाली मोठी रिसेप्शनची जागा, सोफे, कॉफीचं मशीन, आणि भरपूर ऊब. आम्ही सगळ्यांनी सकाळी तिथे जाऊन बसायचं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. ज्याला जे काम असेल ते तिथे बसून करायचं. "एकट्याची कुरकुर म्हणजे कुरकुर," सिस्टर म्हणत. "सगळ्यांची कुरकुर म्हणजे हवामान. हवामानाला कुणी 'उद्या या' म्हणत नाही."

ठरल्या सकाळी आम्ही ट्रामने गेलो. ब्लँकेटं, थर्मास, हेंकची उशी. मुलं शाळेच्या दप्तरांसकट. दारात आम्ही मागे वळून बघितलं, तर सिस्टर नव्हत्या. पुढच्या ट्राममध्ये असतील म्हणून थांबलो. पुढची ट्राम आली, त्यातही नाहीत. फोन लागेना. दोमिंगा माझ्याकडे बघू लागली, हेंक बघू लागला. परत फिरावं असं मनात आलं. पण हेंक तोवर आत शिरला होता. तो सरळ रेडिएटरपाशी गेला, खुर्ची ओढली, बूट काढले आणि लोकरीचे मोजे घातलेले पाय रेडिएटरला टेकवून "आऽऽ" असा मोठा सुस्कारा सोडला. मग काय, सगळेच बसले.

काउंटरवरच्या तरुणाने नम्रपणे विचारलं, "तुम्हाला कुणाला भेटायचंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "सॉरी..." मग मीच थांबले. "नाही, सॉरी नाही," मी म्हटलं. "कुणालाच भेटायचं नाही. आमच्या घरात थंडी आहे. तुमच्याकडे ऊब आहे. आम्ही बसतो."

त्याने फोन केला. वरून एक साहेब आले, दुसरे आले. आम्ही कुणाच्या वाटेत नव्हतो. दोमिंगाची मुलं चित्रं काढत होती. एक आजी विणत होत्या. माझा नवरा कोपऱ्यात कंपनीच्या नावाच्या भल्यामोठ्या पाटीखाली लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसला होता. त्याच्या डच मॅनेजरने विचारलं असावं, मागे ही पाटी कसली? मी बघत होते. तो खरं सांगू लागला. मग थोडं ऐकलं आणि हसला. नंतर मला म्हणाला, "तो म्हणाला, त्याच्या विद्यार्थीदशेत त्याच्या घरमालकानं असंच केलं होतं. म्हणाला, उठू नकोस."

दुपारकडे त्यांच्या मुख्य बाई खाली आल्या. दोन प्रतिनिधी वर या, आपण चर्चा करू, म्हणाल्या. मी सगळ्यांकडे बघितलं. हेंकने पाय रेडिएटरवरून हलवले नाहीत. मी म्हटलं, "वर जागा कमी असेल तर इथेच बोलू. इथे सगळे आहेत." माझं डच धेडगुजरी होतं, क्रियापदं चुकत होती, आणि सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं: त्या बाई वाकून, लक्ष देऊन ऐकत होत्या. बुरशीचं सांगताना मला शब्द सापडेना, तो दोमिंगाने पुरवला. बॉयलरचं हेंकने सांगितलं. एका वाक्यात, पण बंदरातल्या आवाजात. मुलीच्या छातीचं मी सांगितलं. ते सांगताना खाली बघितलं नाही.

त्या बाई आमच्यासमोरच फोनवर बोलल्या. मोठं काम होईपर्यंत ट्रकवरून आणायचा तात्पुरता बॉयलर भाड्याने मिळतो. तो उद्या येईल. आणि कुणालाही घर सोडावं लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. "हे तुम्ही आम्हाला सगळ्यांसमोर सांगितलंत," दोमिंगा म्हणाली. "हो," बाई म्हणाल्या, "सगळ्यांसमोर."

आम्ही ओरडलो नाही, नाचलो नाही. सगळे एकदम ब्लँकेटांच्या घड्या घालायला लागले. पण आनंद पुरता झालाच नाही, कारण सिस्टर अजून फोन उचलत नव्हत्या.

परतीच्या ट्राममध्ये मी पुन्हा पुन्हा त्यांचा नंबर फिरवत होते. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी, असल्या गारठ्यात. दोमिंगाकडे त्यांच्या घराची चावी होती. दार उघडलं. बिछाना नीट घातलेला, पातेलं धुऊन पालथं घातलेलं, घर बर्फासारखं. न्हाणीघराचं दार उघडायला माझा हात होईना, नवऱ्याने उघडलं. आत कुणी नव्हतं. मी हॉस्पिटलचा नंबर शोधू लागले, तेवढ्यात हेंक दारातून म्हणाला, "आज त्यांचा म्हाताऱ्यांचा पोहण्याचा वर्ग नसतो का?"

मी पळत सुटले. सार्वजनिक जलतरण तलाव जवळच होता. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मी आत शिरले आणि गरम, क्लोरिनच्या वासाची वाफ तोंडावर आली. पाण्यात डच म्हाताऱ्यांचा घोळका कमरेएवढ्या पाण्यात एक पाय पुढे, एक पाय मागे करत होता, आणि मधोमध पिवळी टोपी घालून, हात वर करून त्यांना हुकूम देत सिस्टर उभ्या होत्या.

"सिस्टर!" मी किंचाळले.

"हळू गं. इथे घुमतं."

"आम्हाला वाटलं तुम्ही मेलात!"

"मेले असते तर एवढी ओली असते का?" त्या काठाशी आल्या. "मला थंडी वाजत होती. इथलं पाणी गरम असतं. काय झालं?"

मी काठावर बसूनच घेतलं. संताप आला होता. "उद्या बॉयलर येतोय. कुणाला घर सोडायचं नाही."

"बोललं कोण?"

"मी. मग हेंक. दोमिंगा. सगळेच."

"आणि मी कुठाय म्हणून विचारत होते लोक?"

मी आठवून बघितलं. "सुरुवातीला," मी म्हटलं. "नंतर नाही."

"नंतर नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "नंतर नाही." आणि चेहरा असा खुलला की मला माझा राग आवरायला लागला. मग काठाला हात लावून त्यांनी पाण्यावर पाय सोडून दिले आणि तरंगत राहिल्या.

आता आम्ही आइंडहोव्हनला असतो. नवऱ्याची नोकरी तिकडे. सिस्टर आहेत, ठणठणीत आहेत, आणि हे सगळं मी लिहितेय हे त्यांना चालणार नाही. "माझ्यावर काय लिहायचं? मी पोहत होते," असंच म्हणतील.

तर, आम्ही कंपनीत जाऊन बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. माणसांनी जाड नळ्या तळघरात नेल्या. बराच वेळ काहीच होईना. मग भिंतींतून ठोके ऐकू येऊ लागले, आधी खालून, मग जवळून, आणि पाइपांतून पाणी खळखळत वर आलं. एकेक दार उघडलं. लोक मोज्यांनिशी गॅलरीत आले, एकमेकांना हाका मारू लागले, तुमच्याकडे आलं का, आमच्याकडे आलं, हात लावून बघा.

संध्याकाळ होईपर्यंत आमची खोली गरम झाली. मी मुलीची टोपी काढली, मग स्वेटर, मग आतला स्वेटर. कित्येक दिवसांनी तिचे हात मोकळे झाले होते; ती ते बघतच राहिली. सिस्टर आल्या, तिला उताणी-पालथी करून पाठीला कान लावला.

"घरघर उतरतेय," त्या म्हणाल्या. "बरी होईल ती. इथे चांगली राहील."

त्यांच्या खांद्यावरच ती झोपली. मी अंथरूण घातलं, तिला अलगद घेतलं आणि पांघरूण न घालता निजवलं.